लालबागेत दादांचं घुटमळणं

बुऱ्हाणपूरला लोक महाल बघायला जातात. मी गेलो एका इंग्रजी शब्दाच्या धाकानं. वहिनींचं कार्ड आलं : "दादांना मालधक्क्यापाशी पोलिसांनी धरलं. जामिनावर घरी आहेत. गुरुवारी कचेरी. भाऊजी, तुम्हीच या." दादा माझे थोरले बंधू, मी भुसावळला इंग्रजीचा मास्तर. आरोपाचा शब्द शेजाऱ्यानं खाली उतरवला होता : लॉयटर.

गुरुवारी पहाटेची पॅसेंजर धरली. मांडीवर डिक्शनरी. हिंडण्याला साहेबाकडे शब्द तरी किती! स्ट्रोल म्हणजे जेवून रमतगमत फिरणं, रिकामटेकड्या गृहस्थाचं. रॅम्बल म्हणजे रानात मन मानेल तसं. रोम म्हणजे मुलूखभर भटकणं, वाँडर म्हणजे वाट सोडून कुठंही. आणि लॉयटर म्हणजे एकाच जागी घुटमळणं, मनात काळंबेरं असल्यासारखं. एवढ्याशा फरकावर माणूस आत जायचा! जबाबात लिहायला मी स्ट्रोल पक्का केला. अब्रूदार शब्द.

तुम्ही जाल तर ध्यानात ठेवा, स्टेशन लालबागेत आहे, गाव लांब. टांगेवाला चार आणे सांगतो, चालायला लागलात की दोनावर येतो. चौकात माव्याची जिलबी गरम मिळते. मी घेतली, आणि पुडा तसाच पिशवीत टाकला.

कचेरीत मॅजिस्ट्रेट साहेबानं दादांच्या वतीनं मी लिहिलेला जबाब वाचला. "स्ट्रोल? भर दुपारी? अनवाणी?"

मी खाली पाहिलं. दादांच्या पायांकडे मी तोवर पाहिलंच नव्हतं. टाचा फुटून रक्ताळलेल्या.

शिपाई कानाशी लागला, "मास्तर, आदमी अच्छा है, आम्हाला माहीत आहे. पन रोज तिथंच उभे राहतात ना."

दाराशी पदर धरून उभ्या वहिनींना राहवलं नाही. "नवस आहे हो त्यांचा! पोरगा लामावर, लढाईवर गेलाय. त्याच धक्क्यावरून पलटणीच्या गाडीत चढला. सात महिने पत्र नाही. तो उतरेल तेव्हाच पायात वहाणा घालणार म्हणतात."

आणि मी सख्खा भाऊ! पुतण्या लढाईवर गेलेला मला ठाऊक होता. दादा कुठं हिंडतात, का हिंडतात, हे मात्र मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. लाज वाटली. कागद फाडला, नवा लिहिला : होय, माझे बंधू तिथं लॉयटर करतात. खाली कारण लिहिलं.

साहेबानं कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "धक्क्यावर नको. फलाटावर या. गाडीच्या वेळेला यायचं, वेळ टळली की निघायचं. त्यानंतर दिसलात तर सोडणार नाही."

आम्ही सुटलो. वहिनी रडल्या, मी हसलो. टांग्यात दादा एवढंच म्हणाले, "पण गाडी लेट झाली तर रे?"



भुसावळला परतून पंधरवडा झाला. महाल बघायचे राहिले त्याचं काही नाही. पण काल इथल्या फलाटावर स्टेशनमास्तर ओरडला, मुंबईहून येणारी गाडी दोन तास लेट, आणि मी तिथंच थांबलो. हीच गाडी पुढं बुऱ्हाणपूरला जाते. दादा निघून गेले असतील, की थांबले असतील?