तीन कवड्यांचा मुलगा

सुनेत्रा जगदाळे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात, गिअरबॉक्सच्या चाचण्या करायची. गिअरबॉक्स फुटेपर्यंत फिरवायचा आणि का फुटला ते शोधायचं. हे काम तिला आवडायचं, कारण शोधलं की कारण सापडायचं. तिची पहिली दोन बाळं जन्मल्यानंतर आठवड्याच्या आत गेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

२०१४च्या मार्चमध्ये तिसरा झाला, तोही दिवस भरायच्या आधी. तीन आठवडे काचेच्या पेटीत काढून तो घरी आला. पहिल्या दोघांची नावं तिने आधीच ठरवली होती. या वेळी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्मनोंदणीच्या कचेरीत, नाव कळवायची महिन्याची मुदत संपत आली तरी ती विषय काढत नव्हती.

कोलकात्याहून आलेल्या तिच्या सासूबाईंकडे, स्नेहलतांकडे, नाव तयार होतं. तिनकोडी.

"म्हणजे तीन कवड्या," नवरा गौरांग म्हणाला. "माझ्या पणजोबांचं नाव."

पणजोबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. अशा घरात तेव्हा बाळ जन्मताच परक्या बाईला, बहुधा सुइणीला, विकून टाकत. तिने तीन कवड्या दिल्या तर तिनकोडी, पाच दिल्या तर पाचकोडी. त्यानंतर आई ते लोकाचं पोर म्हणून सांभाळायची. यम आला तरी तिच्या नावावर न्यायला काही नसायचं. पणजोबा ब्याऐंशी वर्षं जगले आणि त्यातली बरीच त्यांनी भाऊबंदांशी भांडण्यात घालवली.

सुनेत्राला हे नाव पटेना. आपल्या बाजूने कोणीतरी बोलावं म्हणून सुनेत्राने सांगलीला वडिलांना फोन लावला. राजाभाऊ म्हणाले, "अगं, आपल्याकडे धोंडू ठेवतात, दगडू ठेवतात. माझे थोरले काका केरबा, केरात ठेवून उचललेले. त्या मानाने कवड्या म्हणजे श्रीमंतीच."

बाळाला गिऱ्हाईक म्हणून स्नेहलतांनी खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्लेंना निवडलं. त्यांना चार मुलं होती आणि चारही धडधाकट.

"जर्मनीत मुलं विकत घेता येत नाहीत," फ्राउ हेबर्ले म्हणाल्या.

गौरांगने त्यांना यमाबद्दल समजावून सांगितलं.

"आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या. "त्याला फसवायचंय. मग चालेल."

स्नेहलतांनी पिशवीतून आणलेल्या तीन कवड्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"थांबा, मा," सुनेत्रा म्हणाली. "माल आपला आणि कवड्याही आपल्याच? हा कसला व्यवहार?"

"तुझा यावर विश्वास नाही ना?" गौरांगने विचारलं.

"नाही. पण करायचं तर नीट करा. खोटे आकडे घालून केलेली चाचणी आमच्याकडे धरत नाहीत."

गौरांगने हेही भाषांतर केलं. फ्राउ हेबर्ले खाली गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. त्यांच्या घरी केनियाच्या सहलीतून आणलेल्या आरशाच्या चौकटीला कवड्या होत्या. त्यातल्या तीन त्यांनी सुरीने उचकटल्या होत्या. मागे गोंद तसाच होता.

"आधी मुलगा दाखवा," त्या म्हणाल्या. दुपटं बाजूला करून त्यांनी हातपाय पाहिले. "बारीक आहे. पण घेते."

सुनेत्राने बाळ त्यांच्या हातात दिलं, कवड्या घेतल्या आणि त्या मुठीत धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गौरांगने तिनकोडी हे नाव नोंदवलं. फ्राउ हेबर्ले रोज माल तपासायला येऊ लागल्या. खिडक्या उघड्या टाका, इतके कपडे घालू नका, अशा सूचना त्या मालकिणीच्या हक्काने करत. सुनेत्रा त्या मुकाट्याने पाळत असे.

जूनमध्ये बागेत तिला तिची मैत्रीण शमिका भेटली. ती जवळच्याच गेर्लिंगेन गावात नोकरी करायची. मधले काही महिने दोघींची गाठ पडली नव्हती. शमिका बाबागाडीत वाकली आणि जरा चाचरतच म्हणाली, "तुझा?"

"नाही गं. खालच्या फ्राउ हेबर्लेंचा. मी सांभाळते."

शमिकाने पुन्हा वाकून पाहिलं. "नाक तर तुझंच आहे."

"असेल," सुनेत्रा म्हणाली आणि तिने बाळाची टोपी नाकापर्यंत खाली ओढली.