पेशंट दिसला पाहिजे

"डोक्यावरचे रुमाल काढा. फोटोत पेशंट दिसला पाहिजे."

ट्रस्टच्या बाई अगदी सहज बोलल्या. अकोल्यात, दवाखान्याजवळच्या त्यांच्या धर्मशाळेच्या अंगणात. त्यांच्या सासऱ्यांची पुण्यतिथी होती. आम्ही बाया रांगेत उभ्या. प्रत्येकीला एक ब्लँकेट मिळणार होतं. वैशाखात.

आईचा उजवा हात वर होत नव्हता. छातीच्या ऑपरेशननंतर तो सुजून जड झाला होता. म्हणून तिच्या रुमालाची गाठ मी सोडली. याच हातांनी.

औषधांनी तिचे केस गेले होते. कापूस वेचतानाही कधी पदर ढळू न देणारी माझी आई चार पुरुषांपुढं उघड्या डोक्यानं उभी राहिली.

"जरा हसा, मावशी," फोटोवाला म्हणाला.

ती हसली.

मी गाठ का सोडली? भीतीनं. शेक द्यायचा होता, कॅन्सरवरचं रेडिएशन, महिना-सव्वा महिना, रोज. आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्याही पलीकडं. रोजची एसटी तिला झेपत नव्हती. तिच्यासाठी मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कारखान्यातलं शर्ट शिवायचं काम सोडून आले होते. राहायला दुसरी जागा नव्हती.

धर्मशाळा फुकट होती. फुकट म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. मॅनेजरनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचं पेन थांबलं.

"तुम्ही मागच्या पडवीत राहा. स्वयंपाकघरात यायचं नाही. ताट बाहेर मिळेल."

बाकीच्या बाया आत बसून जेवत. आम्ही न्हाणीच्या दाराशी. रोग सगळ्यांना एकच. पंगत वेगळी.

तरी मी गप्प. आईचा शेक पुरा व्हायचा होता ना.

फोटो पेपरात आला. गावाकडून भेटायला आलेली काकू तो घडी करून घेऊन आली. कौतुकानं. त्या वर्षांत आमच्या भागात गाड्या भरून फोटोवाले यायचे. ज्या घरात कर्जापायी माणसानं जीव दिला, त्या घरच्या बाईला दारात बसवून फोटो काढायचे. कापसाला कोणी विचारत नव्हतं. रडणाऱ्या तोंडाला गिऱ्हाईक होतं. काकूला वाटलं, पेपरात आलं म्हणजे काहीतरी मिळेल.

आईनं पेपर बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मले बोडकी करून पेपरात उभी केली. गाठ तूच सोडली ना वो?"

रागावली नव्हती. नुसतं विचारलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा रांग. कोणी मोठे पाहुणे देणगी द्यायला येणार होते. आईनं रुमाल घट्ट बांधला होता. फोटोवाल्याची नजर तिच्या गळ्याखाली गेली. शेक कुठं द्यायचा त्यासाठी डॉक्टरांनी काढलेल्या जांभळ्या शाईच्या रेघा तिथून खाली जात होत्या.

"मावशी, पदर थोडा सरकवा. त्या रेघा दिसू द्या."

आई हलली नाही. त्यानं स्वतःच हात पुढं केला. मी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको."

बाई लगबगीनं आल्या. "अहो, यातूनच देणग्या येतात. तुमच्याच भल्याचं आहे. इतके दिवस इथं खाता, थोडं सहकार्य नको?"

"मंग तुमी सरकवा तुमचा पदर. तुमचा फोटो छापा. देणग्या जास्त येतीन."

आईनं डाव्या हातानं पदर गच्च खोचला आणि फाटकाकडं चालू लागली.

"चाल वो," एवढंच म्हणाली.

दुपारी आम्ही गाठोडं घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी बसलो. तिथं शकीलाबी भेटल्या. त्यांच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर. शेकाच्या रांगेत ते रोज आमच्या पुढं असायचे. त्या गोधड्या शिवून घर चालवायच्या.

"कावून बसली इथं, बेटी?"

मी सांगितलं. त्यांनी आमचं गाठोडं उचललं. "चल. कमरा एकच हाय. आधा तुमचा."

त्यांनी आडनाव विचारलं नाही.

त्यांनीच मला सगळं शिकवलं. रेघा पुसू न देता अंग कसं पुसायचं. सैल सुती झंपर कसा बेतायचा. एसटीच्या सवलतीचा कागद कोणत्या खिडकीवर मिळतो. आईचा उपचार सरकारी योजनेतून चालला होता, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर मी समजत होते, बाईंच्या कृपेनं चाललाय. बाई भाषणात तसंच म्हणायच्या. आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आईचा शेक पुरा झाला. एक हंगाम तिनं डाव्या हातानं कापूस वेचला. पुढचा हंगाम तिनं पाहिला नाही.

शकीलाबींचा नवरा आईच्या आधीच गेला.

आता मी अकोल्यातच असते. सकाळी जठारपेठेत शिलाईचं काम, दुपारी दवाखाना. खेड्यातून आलेली बाई ओळखू येते. हातात कागदांची पिशवी, नजर जमिनीवर. खिडकीतल्या माणसाला ती साहेब, मायबाप म्हणते. तो "उद्या या" म्हणतो. ती परत फिरते.

मी तिला परत त्याच खिडकीशी नेते.

"मायबाप म्हनू नको. अर्ज दे. अर्जाची पोच माग. उद्या कावून, ते लिहून माग."

ती घाबरते. म्हणते, "साहेब रागावतीन."

"रागावू दे."

पोच हातात पडेपर्यंत मी तिथून हलत नाही. तिलाही हलू देत नाही.