मामाला दातच दिसतात

माझा मामा दात बनवतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि त्यावरून मामा आपल्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा बनवतो. लॅब म्हणजे एक लांबट खोली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले आणि मधोमध मामा, अंगभर पांढरी धूळ, एखादी दाढ घासत गुणगुणत असतो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्यांचे चेहरे त्याने कधीच पाहिलेले नसतात. म्हणून बसच्या रांगेत कुणाच्या तोंडात आपलं काम असल्याचा संशय आला, की मामा त्या अनोळखी माणसाला विनोद सांगतो. माणूस हसला, की "आपलीच" असं पुटपुटून समाधानाने पुढे सरकतो. नाही हसला, तर दुसरा विनोद. त्याचे विनोद भिकार असतात, त्यामुळे बस बऱ्याचदा चुकते.

हे सगळं चालून गेलं असतं, पण संध्याकाळी घरात मालिका लागते.

मी नोकरीसाठी मामाकडे राहते, त्यामुळे हा प्रकार रोज डोळ्यांनी बघते. मामी शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांची बोलणी खाते आणि घरी आली, की तिला सोफ्यावर मामाच्या शेजारी बसून पोटभर रडायचं असतं. "एकटीने रडण्यात काय मजा?" असं तिचं म्हणणं. मामालाही ती जागा प्रिय, कारण दिवसभरात दोघं शेजारी बसतात ती तेवढीच. पण पडद्यावर मामाला माणसं दिसतच नाहीत. सासूने सुनेला घराबाहेर काढलं, मामीचा हुंदका गळ्यापर्यंत आला, की हा म्हणणार, "सुनेच्या वरच्या कॅपा जरा जास्तच पांढऱ्या झाल्यात."

मग मालिकेतला नायक वारला. त्या भागाला मामीने मुद्दाम आपल्या बहिणीला बोलावलं होतं. दोघी रडत होत्या. खोटं कशाला सांगू, मीही रडत होते. मामा उठला, चष्मा लावून थेट टीव्हीपाशी गेला आणि म्हणाला, "तोंड उघडं राहिलंय ते बरं झालं. बघा, डावीकडची दाढ नाहीच. मला वाटतच होतं."

बहिणीला फिस्सकन हसू आलं. मामीला झोंबलं ते हेच.

"उद्यापासून मालिका लागली की तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं," ती म्हणाली.

मामा बसला. वाटाणे सोलत मुकाट्याने बसला. पण कान उघडेच होते. एका संध्याकाळी आतून आवाज आला, "आजोबांची खालची कवळी सैल आहे गं. बोलताना शिट्टी वाजतेय."

मामीने उठून मधलं दारही लावून घेतलं. मामाचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची दया आली आणि रागही आला.

"नुसतं गप्प बसता येत नाही का तुला?" मी विचारलं.

"अगं, दिसतं ते दिसतं. तुझ्या कुरिअरच्या ऑफिसात चूक दिसली तर तू गप्प बसशील?"

"आमच्याकडे चूक दिसली की सगळे आधी चहाला जातात."

मामीकडेही मी रदबदली करून पाहिली. "एकदा तरी माझ्यासाठी म्हणून मालिका बघा म्हणावं त्यांना," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि मग, मालिकांमध्ये होतं तसं, मेलेला नायक परत आला. अपघातात चेहरा गेला म्हणून नवा चेहरा लावून आला. म्हणजे नट बदलला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मालिकेतल्या घरात मात्र हा खरा की तोतया यावरून नुसता गोंधळ. नायकाने बायकोकडे बघून स्मित केलं आणि मामीने ताडकन उठून स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"अहो, इकडे या. हा तोच आहे का, बघून सांगा."

मामा वाटाण्याची शेंग हातात घेऊनच आला. पडद्यावर नवा नट हसत होता. जुन्याचे दात दाटीवाटीने उभे होते, याच्या पुढच्या दोघांमधून काडी गेली असती. दातांच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोललेला नाही, त्यापायी मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडलाय. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग मामीकडे पाहिलं. तिचे डोळे आधीच भरले होते.

"तोच आहे," मामा कसाबसा म्हणाला. "अपघातात दात जरा सरकलेत."

मामीने टीव्हीचा आवाज बंद केला. "नट बदललाय. मला काय दिसत नाही?"

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलता येतं का, ते बघायचं होतं," मामी म्हणाली आणि उशी उचलून शेजारी जागा केली. "बसा आता. आणि तोच आहे असं समजून बघा."

मामा बसला. मामी मनसोक्त रडली. मामाही रडला. माझा अंदाज, ते दात बघूनच.