नामपूरवरून जाणारी प्रदक्षिणा

माझे वडील कोंडाजी, म्हणजे आमचे अण्णा, फार देवभोळे होते असं मखमलाबादेत आजही कोणी म्हणालं की मला हसू येतं. झेंडू-शेवंती रोज पहाटे बाजारात नेणाऱ्या या माणसानं घरच्या देव्हाऱ्यात स्वतःहून एक फूल वाहिल्याचं मला आठवत नाही. पण दर पौषात, लग्नं बंद असतात आणि फुलांना कोणी विचारत नाही तेव्हा, त्यांना एकाएकी महादेवाची जुनी देवळं आठवायची. मग राजदूत मोटारसायकल पुसूनबिसून लख्ख व्हायची, आई मागं बसायची आणि जोडी निघायची.

घरात राज्य आजीचं, बायडाबाईचं. दिवाळी, पंचमी, आखाजी, साऱ्या लेकी ज्या सणांना माहेरी जातात, नेमक्या त्याच सणांना आमच्याकडं फुलं तोडायला हात कमी पडायचे. आईचं माहेर नामपूर. त्या गावाचं नाव काढलं की आजीचं तोंड वाकडं व्हायचं. देवाला मात्र तिनं कधी नाही म्हटलं नाही. अण्णांनी हे बरोबर हेरलं होतं.

वाट ठरलेली. सटाण्याकडून देवळाणे, मग नामपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मालेगाव ओलांडून झोडगे. देवळाण्याच्या देवळावरची काही शिल्पं भलतीच चावट. आई पदर पुढं ओढून भराभर चालायची आणि अण्णा मुद्दाम एकेका मूर्तीपाशी रेंगाळायचे. झोडग्याला देवळाच्या सावलीत भाकरी-ठेचा खायचे. तिथून हायवे सरळ नाशिकला येतो. पण अण्णांनी आजीला पटवून ठेवलं होतं, की शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते, पाण्याची धार ओलांडायची नसते, आल्या पावली मागं फिरायचं असतं. तेव्हा यात्राही गेल्या वाटेनंच परत यायला हवी. म्हणजे नामपूरला दुसरा मुक्काम. यात्रेचा हा नियम खुद्द शंकराला ठाऊक नसावा.

आई परत यायची ती रंग बदलून. बोलण्यात अहिराणी घुसलेली असायची, उगाच हसायची, आजी रागावली तरी मनावर घ्यायची नाही. ती आई मला फार आवडायची. माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आजही खालून जुन्या गाडीची फटफट ऐकू आली, की मी हातातलं काम टाकून गॅलरीत येते.

दोन हजार तीनच्या दसऱ्याच्या तोंडावर नामपूरहून फोन आला. आईची आई, मालनबाई, अंथरुणाला खिळली होती आणि फार दिवस काढेल असं वाटत नव्हतं. मळ्यात झेंडू नुसता पेटला होता.  आई टोपली घेऊन सरीत उतरली आणि फुलं तोडायला लागली. कळ्याही तोडत होती, तिला दिसतच नव्हतं.

अण्णा ओट्यावर आजीसमोर जाऊन बसले. झोडग्याच्या महादेवाला जायचंय, अशी सुरुवात केली आणि मधेच थांबले. दसऱ्याला कुठली महादेवाची यात्रा?

"देवाला नाय आये," ते म्हणाले. "हिला हिच्या आईकडं न्यायचंय."

आजी हार ओवत होती. सुई हातातच राहिली. इतकी वर्षं देवाला मधे कशाला घातलं, मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते, असं तिनं विचारलं.

"म्हणाली असती," अण्णा म्हणाले.

आजीनं हार खाली ठेवला. उठली, कमरेला पदर खोचला आणि सरीत जाऊन आईच्या हातातली टोपली काढून घेतली. मला एवढंच ऐकू आलं, "जा. झेंडू मी तोडते."

त्या दिवशी राजदूत देवळाण्याच्या फाट्यावरून तशीच पुढं गेली. नामपूरच्या घरात मालनबाई डोळे मिटून पडली होती. लेकीचा हात तिनं त्यावरच्या खरबरीत घट्ट्यांवरून ओळखला. आणि दर पौषात विचारायची तेच विचारलं.

"देवदर्शन व्हयनं का, बाई?"

"नाही माय," आई म्हणाली. "आज निस्ती तुनाकडेच उनू, तुले भेटाले."