बुधवारचा धूर

"आज वार कोनता हाये, सर?"

मिस्त्री भेटले की पहिला प्रश्न हाच. वार त्यांना माहीत नसायचा असं नाही. आपण 'गुरुवार' म्हटलं की ते, डॉक्टरनं वाईट रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखी मान हलवत आणि पुढच्या गोष्टीकडे वळत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना उत्तर माहीत असतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय राहवत नाही. फक्त बुधवारी ते हा प्रश्न कधी विचारत नसत.

खामगावातल्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून त्यांची हयात गेली होती. मी त्यांच्या शेजारी घर बांधून राहायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, दोघंच. मुलगा पुण्यात. अंगणाच्या कोपऱ्यात तेलाचा एक जुना पत्र्याचा ड्रम उभा होता, आणि त्याला खाली चक्क दार कापलेलं होतं, कडीकोयंड्यासकट. वहिनी त्यात गोवऱ्या ठेवत. गोवऱ्यांना कडी कशाला, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. मिस्त्रींनी ड्रमवर हात फिरवला आणि म्हणाले, "हे गोवऱ्याचं नाई सर. हा माझा शौक हाये."

शौक असा होता. मोताळ्याकडच्या खेड्यात त्यांच्या मामाच्या घरी चुलीवर तार बांधलेली असे आणि तिच्यावर मीठ-हळद लावलेल्या बोकडाच्या मटणाच्या पट्ट्या धुरात लटकत. मिस्त्रींना ती चव लहानपणी लागली ती लागलीच. नोकरीत आल्यावर त्यांनी ऑइल मिलमधून हा ड्रम मिळवला, सायकलच्या तारांचे आकडे केले, वर झाकण बसवलं आणि घरच्या घरी मटणाला धूर द्यायला लागले. आदल्या दिवशी मीठ लावून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंद धूर. फॅक्टरीतली पाळीवरची माणसं वासावर यायची म्हणे. तेव्हा घरात एकच वार पाळला जाई, तो त्यांच्या आईचा मंगळवार.

मग एक दिवस कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यात, त्या यंत्रात, त्यांचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली, ते एकवेळ चाललं असतं, पण जखमेचं विष अंगात पसरलं. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा वहिनींनी शंकराचा सोमवार धरला. आईचा मंगळवार होताच, त्यात तिनं महाराजांचा गुरुवार घातला. ताप उतरेना म्हणून वहिनींनी आणखी देवीचा शुक्रवार धरला. शाळेत जाणाऱ्या पोरानं कोणी न सांगता मारुतीचा शनिवार धरला. आणि मिस्त्री वाचले. उठून बसले, चालत घरी आले.

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आठवडा संपला आहे.

बुधवार आणि रविवार उरले होते. त्या दिवशी मटण आणायला, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवायला घरची ना नव्हती. पण धुराच्या मटणाला दोन दिवस लागतात, आणि तेही लागोपाठचे. मंगळवारी घरात मीठ लावता येत नाही, शनिवारी येत नाही. बुधवारी मीठ लावावं तर धूर गुरुवारी, रविवारी लावावं तर सोमवारी. मिस्त्री हे सगळं डाव्या हाताच्या उरलेल्या पेरांवर मला मोजून दाखवत, आणि कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी अंगठा कुठल्या तरी देवावर येऊन थांबे. रिकामा ड्रम पाहून वहिनींनी त्यात गोवऱ्या भरल्या. पुढे आई गेली, तेव्हा तिचे वार वहिनींनी चालवायला घेतले. सासूचं व्रत सुनेनं पुढे न्यायचं, हे आमच्याकडे कोणी वेगळं सांगत नाही. मुलगा नोकरीला लागला, मेसचं जेवण, म्हणून त्याचा शनिवारही आईकडेच आला. पाच वार ती एकटी बाई ओढत होती.

मला हे सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटे. एखादा तास इकडचा तिकडे केला की सुटेल. मी वहिनींना एकदा सुचवलंही, की एखाद्या वाराचं उद्यापन करून टाका, देवाला सांगून सोडता येतो. त्या तांदूळ निवडत होत्या. न रागावता म्हणाल्या, "सोडता येते भाऊजी. पन यायले कोनत्या वारानं वाचवलं हे कोनाले मालूम? मंग कोनता सोडू?"

मिस्त्री उंबऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं ते या एका वाक्यासमोर बसून होते, हे मला त्या दिवशी कळलं.

एखाद्याला सासुरवास असतो, एखाद्याला कर्ज असतं, त्याला निदान चिडता तरी येतं. यांना कोणावर चिडायची सोय नव्हती. ज्यांनी कोंडलं त्यांनी जीव वाचवण्यासाठी कोंडलं होतं. पुण्याला मुलाकडे जायचं तर गुरुवारची महाराजांची आरती चुकते. लग्नाला जायचं तर वार पाहून. वहिनी उपासाच्या दिवशी दुसरीकडे पाणीही घेत नसत, आणि त्यांना सोडून मिस्त्री कुठे जात नसत. संध्याकाळी फाटकाशी उभे राहून ते रस्त्याकडे बघत राहायचे. "बाकीचे लोक घरात अडकते," ते म्हणत, "मी आठवड्यात अडकलो." हे बोलताना ते हसत.

यातून वाट काढली ती वहिनींनीच. एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला विचारू लागल्या, तुमच्याकडे कोणकोणते वार पाळतात? बायको शरमली, कारण आमच्याकडे फक्त शनिवार, आणि तोही परीक्षांच्या दिवसांत. वहिनी म्हणाल्या, "मंगळवार नाई ना? मंग ताई, मंगळवारी रातीपुरतं तुमच्या फ्रीजमंदी एक पातेलं ठेवसान का?" ज्या बाईनं तो आठवडा विणला होता, तिनंच शेजाऱ्याच्या घरातून एक टाका उसवून दिला होता.

संध्याकाळी ड्रममधल्या गोवऱ्या बाहेर निघाल्या.

मंगळवारी मिस्त्री मटण घेऊन यायचे ते स्वतःच्या दारावरून नाही, तर मागच्या बोळीनं, वळसा घालून. वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या रस्त्यावर होती. पिशवी टॉवेलात गुंडाळलेली असे. वहिनींना सगळं माहीत होतं, त्यांनीच तर ठरवलं होतं, पण उपासाच्या दिवशी त्यांच्या नजरेला पडू नये एवढी रीत ते पाळत. आमच्या मागच्या ओट्यावर बसून ते पट्ट्या कापत, मीठ-हळद-लसूण चोळत, आणि पातेलं फ्रीजमध्ये गेलं की स्वच्छ हात धुऊन त्याच बोळीनं परत जात.

इतक्या वर्षांनी हात बसायला वेळ लागला. पहिल्या बुधवारी मिस्त्रींनी पेटवायला शेजारच्या शेतातली पऱ्हाटी आणली. कापसाच्या या वाळक्या काड्या भडकन पेटतात. पण पट्ट्या उतरवून नाकाशी नेल्या आणि त्यांचं तोंड पडलं. शेतकऱ्यानं बोंडअळीसाठी केलेली फवारणी काड्यांत मुरली होती. सगळं मटण त्यांनी खड्डा करून पुरलं, कुत्र्यांनाही दिलं नाही. "तुमाले सांगू का सर, मले वाटलं होतं देवच नाई म्हणून राह्यला," ते म्हणाले. पुढच्या बुधवारी बाभळीचा निखारा आणि वर पेरूचं लाकूड आलं, आणि मग जमलं.

वहिनींचा गुरुवार मात्र बुधवारी दिवेलागणीलाच सुरू होई. त्याच्या आत ड्रम विझवून, अंगण धुऊन, मिस्त्रींनी आंघोळ केलेली असायची. एका बुधवारी लाकूड ओलं निघालं. सूर्य खाली आला आणि पट्ट्या अर्ध्याच. आत वहिनी समईची वात करत होत्या. मिस्त्री हातगाडी घेऊन आले, गोणपाटानं धरून आम्ही तो तापलेला ड्रम गाडीवर चढवला आणि धुरासकट ढकलत माझ्या अंगणात आणला. गल्लीतली माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. ड्रम आमच्या फाटकातून आत गेला आणि त्यांच्या घरात समई लागली. मिस्त्री माझ्या पायरीवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना असं हसताना त्याच दिवशी पाहिलं.

अंगणात धूर चाललेला असताना वहिनी नाकाला पदर लावून पायरीवर बसत. मटण त्या कधी तोंडाला लावत नसत. पण अधूनमधून विचारत, झालं का, रंग आला का. मिस्त्री झाकण उचलून बघत आणि मान डोलावत. दोन-तीन वर्षं असं चाललं.

मागच्या थंडीत वहिनी गेल्या. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मुलगा-सून आले, तेरावं झालं. बाबांनी आता पुण्याला यावं, असं मुलगा परोपरीनं सांगून गेला. मिस्त्री बघू म्हणाले.

खरं सांगतो, दुःख ओसरल्यावर माझ्या मनात आलं की आता या माणसाचा आठवडा मोकळा झाला. मी ते बोललो नाही, पण वाट पाहत होतो. आणि मग एका सोमवारी मला ते बेलाची पानं घेऊन महादेवाच्या देवळातून येताना दिसले. गुरुवारी आरतीला गेले. शुक्रवारी गूळ-फुटाणे आणले. शनिवारी तेल घेऊन मारुतीला. वाटलं, वहिनींची आठवण म्हणून करत असतील. पण त्यांना साखरेचा त्रास, उपास अजिबात करू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. एके दिवशी ते फाटकाशी चक्कर येऊन खाली बसले तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना लिंबूपाणी पाजलं आणि रागावूनच विचारलं, हे पाचही वार आता कोणासाठी चाललेत?

"कोनासाठी म्हणजे? नवस माझ्याच जिवाचा हाये ना," ते म्हणाले. "माय होती, तिनं धरला. मंग इनं धरला. आता घरात मीच उरलो. माझ्या जिवासाठी आता मीच उपास धरून राह्यलो, सर."

ते हसले.

बोलण्यासारखं खूप होतं. सोडून द्या, पुण्याला जा, तुमच्या अंगणात तुम्ही कधीही धूर करा, तुम्हाला आता विचारणारं कोण आहे. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि त्यांच्या दारापर्यंत सोडून आलो.

परवाच्या मंगळवारी आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. बायकोनं उघडलं तर मिस्त्री, टॉवेलात गुंडाळलेली पिशवी घेऊन. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच आले होते. ओट्यावर बसून त्यांनी पट्ट्या कापल्या, मीठ चोळलं, पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग हात नाकाशी नेऊन वास बघितला आणि पुन्हा धुतले. पुढच्या दारानं जा ना मिस्त्री, मागे अंधार आहे, माझी बायको म्हणाली. त्यांनी समोरच्या रस्त्याकडे, आपल्या घराच्या त्या बंद खिडकीकडे पाहिलं.

"नाई ताई," ते हळूच म्हणाले, "आज मंगळवार हाये." आणि चपला हातात घेऊन मागच्या बोळीनं निघून गेले.