ड्राइव्हवेत पडलेली तार

पाइनच्या ओल्या फांदीचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातलं नॉर्थ कॅरोलायनातलं आमचं गावाबाहेरचं घर आठवतं. तिथे एका हिवाळ्यातल्या दुपारी पाऊस पडता पडताच गोठला, फांद्या मोडल्या, वीज गेली, फोनही बंद पडला. बायको लेकीला डे-केअरमधून घेऊन आली, तर रस्त्यापासून घरापर्यंतच्या ड्राइव्हवेत विजेची तार आडवी पडलेली. काच खाली करून ती म्हणाली, "तू इलेक्ट्रिकल इंजिनिअर ना? करंट आहे का सांग." "नुसतं बघून नाही कळत. उतरू नकोस," मी पायरीवरूनच ओरडलो. मागे लेक रडत होती. शेवटी बायकोने गाडी रिव्हर्स घेतली. फोन बंद असल्याने ती रात्री कोणाकडे राहिली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती अजून लेकीला सांगते, "बाबा नुसता उभा होता." गाडीचे लाल दिवे वळणाआड गेल्यावरही मी तिथेच उभा होतो, हे तिला माहीत नाही.