पदरानं पुसलेले पाय

माझे बाबा डहाणूच्या एका छोट्या मिशन-चर्चचे पाळक होते. आमच्या प्रार्थनाघराच्या भिंती इतक्या कोऱ्या, की नवा माणूस विचारायचा, रंगकाम राहिलंय का? मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, क्रूससुद्धा नाही. अशा घरातली मुलगी तलासरीच्या कॅथलिक मास्तरांना दिली, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे बाबांनी दिली नाही, मीच हट्टानं गेले. जाताना बाबांनी एकच अट घातली. "मूर्तीपुढे वाकायचं नाही. वाकलीस तर गुरुवारच्या पंगतीत तुला जागा नाही."

ही पंगत म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळचं आमचं प्रीतिभोजन. जेवायच्या आधी पाय धुवायचे. पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. कमरेला टॉवेल बांधायचा, शेजारणीचे पाय घमेल्यात धुवायचे, बोटांच्या फटींतून नीट पुसायचे आणि गालाला गाल लावायचा. मग तिनं पुढचीचे धुवायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली. वर्षातून एकदा का होईना, कोणीतरी माझे पाय मांडीवर घ्यायचं, ते त्या रांगेत. म्हणून ती अट मला फार लागली. तरी मी हो म्हणाले.

लग्नानंतरचा पहिला गुड फ्रायडे आला. पाड्यावरून चर्चपर्यंत मिरवणूक निघायची. सासूबाई म्हणाल्या, "नुसती चाल आमच्यासंग. घरात एकटी काय करशील? लोक विचारतील ना, मास्तरांची बायको कुठंय?" नवरा म्हणाला, "आई म्हणते तर जा." हा माणूस शाळेत पोरांना दरडावायचा आणि घरात मांजर व्हायचा. मी ठरवलं, शेवटी चालायचं आणि चर्च दिसलं की मागे फिरायचं.

पण मला शेवटी राहू देतंय कोण? पुढे सासूबाई, मागे नणंद, दोन्हीकडे निवडुंगाचं कुंपण. त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत, एक माणूस लाकडी फळ्या आपटत पुढे चालला होता. खट, खट, खट. डोक्यावर काळं फडकं, अनवाणी पाय, तापलेली धूळ. चर्च दिसलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. नणंदेनं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे ढकललं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दाराशी मेलेल्या येशूची लाकडी मूर्ती फळीवर ठेवली होती. वाटभर खांद्यावरून आणलेली, त्यामुळे पायांवर धूळ बसलेली. एकेकानं जाऊन त्या पायांचं चुंबन घ्यायचं. सासूबाईंनी घेतलं आणि त्या बाजूला झाल्या. आता माझ्यासमोर ते पाय. मी चुंबन घेणार नव्हते, आणि मागे शे-दीडशे माणसं उभी. धूळभरले पाय समोर आल्यावर काय करायचं, हे माझ्या हातांना लहानपणापासून एकच माहीत होतं. मी पदर ओढला आणि ते पाय पुसले. बोटांच्या फटींतूनही पुसले. मग ताठ उभी राहिले.

वाकले होते का? न वाकता कोणाचे पाय पुसता येतात ते मला एकदा दाखवा.

मागून हुंदका आला. नणंदेनंही पदर ओढून ते पाय पुसले, तिच्यामागच्या बाईनंही. संध्याकाळपर्यंत पाडाभर झालं, मास्तरांच्या बायकोनं देवाचे पाय पुसले. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "आता दर साली आधी तू पुसायचे, मग आम्ही." चुकवायला गेले आणि मानकरीण होऊन बसले. बातमी माझ्याआधी डहाणूला पोचली.

पुढच्या वर्षी गुरुवारी मी माहेरी गेले आणि रांगेत नेहमीच्या जागी बसले. शेजारी माझी वेणीफणी करून मला लहानाचं मोठं करणारी मावशी होती. कमरेला टॉवेल बांधून ती उठली. तिनं पुरुषांच्या रांगेकडे, बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. ती घमेलं घेऊन मला ओलांडून पुढे गेली. माझे पाय चटईवर कोरडेच राहिले.

"बाबा, मी फक्त पाय पुसले होते," मी म्हणाले.

"लाकडाचे," बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी न जेवता उठले. सकाळच्या बसनं तलासरीला परत आले, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. दुपारी मिरवणुकीत चालले. दाराशी बायका माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. मी पाय पुसले. आत राग इतका होता, की पदर फाटेल असं वाटलं.

घरी येऊन ओट्यावर बसले तर तळव्यांचे फोड फुटलेले. सासूबाई घमेल्यात मिठाचं कोमट पाणी घेऊन आल्या आणि माझा पाय त्यांनी सरळ मांडीवर ओढला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा, हे त्या पाड्यावर कोणी ऐकलंही नव्हतं.

"आई, नको. लोक बघतील."

"बघू दे. पुढल्या साली परत चालायचंय तुला."

त्यांनी पाय धुतले आणि पदरानं पुसले. बोटांच्या फटींतूनही. हे त्यांनी माझंच बघून उचललं होतं. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, मीठ झोंबतंय. त्या फुंकर घालू लागल्या.

दुष्टपणानं कोणी कोंडलं असतं, तर मी कडी काढून पळाले असते. या बाईनं माझे पाय धुतले, आता पळणार कुठे? मी उठले, पाणी बदललं आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"हे काय गं?" त्या दचकल्या.

"आमच्यात असंच असतं," मी म्हणाले, आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.